जादा पाण्याचा दर

कचेरीत तिला सगळे मागून 'पट्टीबाई' म्हणत. एक तर ती पाणीपट्टी विभागाची प्रमुख होती, आणि वागायलाही पट्टीसारखी सरळ. तिच्या टेबलावरची फाइल कुणाच्या ओळखीनं पुढे सरकली नाही, की कुणाच्या वैरापायी अडून राहिली नाही. हे नाव तिच्या कानावर आलं होतं. वरवर ती कपाळाला आठी घालायची, पण मनातून तिला ते आवडायचं.

त्या वर्षी धरणात पाणी कमी होतं. ते सलग तिसरं वर्ष. शहराचा वरचा भाग टाकीच्या जवळ, म्हणून तिथं नळ सोडला की धो धो पाणी. खालची वस्ती नळाच्या शेवटच्या टोकाला. तिथं तीन दिवसांतून एकदा, तेही पाऊण तास, दोऱ्यासारखी धार. पट्टीबाई एकदा स्वतः तिथं जाऊन आली होती. एका घरात बाईनं पोराला परातीत उभं करून आंघोळ घातली, परातीतलं पाणी बादलीत ओतलं, त्यात फडकी धुतली, त्याच पाण्यानं फरशी पुसली आणि उरलेलं संडासासाठी कोपऱ्यात ठेवलं. हे सगळं तिनं पाहुणीशी गप्पा मारत केलं, जणू यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. परत येताना वरच्या भागात एक गृहस्थ रबरी नळी घेऊन गाडी धूत होते. पाणी उतारावरून वाहत चौकापर्यंत आलं होतं. दोन्ही घरांना पट्टी एकच होती, कारण तोवर नळामागं ठरावीक रक्कम घ्यायची पद्धत होती. मीटर नावाला बसवलेले. त्यावरचे आकडे कुणी बिलाला लावत नव्हतं.

"हे बदलायचं," तिनं गाडीत बसल्या बसल्या ठरवलं.

दीड महिना ती कागदांत बुडालेली होती. तिनं घरातल्या माणसांवर हिशेब धरला. माणशी रोज शंभर लिटरपर्यंत दर अगदी कमी. त्यापुढं दुप्पट वापरापर्यंत पाणी पुरवायला जेवढा खर्च येतो तेवढा. आणि त्याच्याही वर गेलं की जादा वापराचा दर, चौपट. तरी तीन महिने कुणी सुधारलं नाही, तर मीटरमागं बारीक भोकाची चकती बसवायची, म्हणजे नळाला करंगळीएवढीच धार येईल. वसुलीतून खालच्या वस्तीची नळवाहिनी बदलायची.

विभागातला सगळ्यात जुना मीटर रीडर, ज्याला सगळे काका म्हणत, तो तिच्यासोबत बसून आकडे काढत होता. बत्तीस वर्षं तो लोकांच्या जिन्याखाली वाकून मीटर वाचत आला होता.

"बाई, दर चांगला केलात," तो म्हणाला. "पण एक सांगू का? मीटर पाणी किती गेलं ते सांगतो. कशाला गेलं ते नाही सांगत."

"त्यासाठी सवलतीची यादी आहे ना, काका."

यादी होती. अंथरुणाला खिळलेला रुग्ण, भाजलेला माणूस, तान्हं मूल, मूत्रपिंडाचा आजार, असे सहा प्रकार तिनं लिहिले होते. प्रत्येकाला डॉक्टरचा दाखला लागणार होता.

दर मंजूर करणाऱ्या समितीच्या बैठकीत दरांवर फारशी खळखळ झाली नाही. अध्यक्ष बांधकामवाले होते, त्यांच्या घरामागं पोहण्याचा हौद होता. पण सगळ्यांसमोर विरोध कसा करणार? ते नुसतं "बरं, बरं" म्हणत राहिले. सवलतीच्या यादीवर आल्यावर समितीतले डॉक्टर म्हणाले, "यात मनाचे आजार नाहीत. काही लोकांना सारखं हात धुण्याचं, घर धुण्याचं वेड लागतं. तेही आजारपणच आहे. घालायचं का?"

पट्टीबाईचं पेन क्षणभर थांबलं. मग ती हसून म्हणाली, "घालू या की. पण मग दुसऱ्या दिवसापासून वरच्या भागातले सगळेच वेडे होतील, आणि दाखले द्यायला तुम्हाला दवाखान्यात मुक्काम ठोकावा लागेल."

सगळे हसले. डॉक्टरही हसले आणि त्यांनी पुढचं पान उलटलं. दर मंजूर झाले.

त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं की असं एक घर पट्टीबाईच्या चांगल्या ओळखीचं होतं. तिच्या धाकट्या दिराचं.

दिराचं चष्म्याचं दुकान होतं. स्वभावानं सौम्य माणूस, गिऱ्हाईकाच्या नाकावर चौकट बसवताना स्वतःचा श्वास रोखून धरणारा. त्याच्या बायकोला घरात सगळे धाकटी म्हणत. आठ वर्षांपूर्वी तिला मुलगा झाला आणि एकोणिसाव्या दिवशी जंतुसंसर्गानं गेला. त्या दिवशी दवाखान्याच्या बोळातून जाताना एक परिचारिका दुसरीला म्हणाली होती, "हात कुठं स्वच्छ असतात गं लोकांचे." ते धाकटीला उद्देशून नव्हतं. पण धाकटीनं ते उचललं ते कायमचं.

आधी हात, मग भांडी. पुढं दाराच्या कड्या, नळाच्या तोट्या, भिंती. सकाळी सहाला सुरू व्हायचं ते दुपारी जेवायची वेळ टळून गेली तरी चालूच. दोन माणसांच्या घरात रोज बाराशे लिटर पाणी जायचं. दोनदा मनाच्या डॉक्टरकडं नेलं. गोळ्यांनी ती नुसती झोपून राहायची, म्हणून तिनं त्या सोडल्या. घरात या गोष्टीला नाव नव्हतं. कुणी विचारलं तर "तिला स्वच्छता फार लागते हो," एवढंच सांगायचं, हे न बोलता ठरलेलं होतं.

आणि पट्टीबाईचा धाकटीवर जीव होता. तिचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा धाकटी नऊ दिवस दवाखान्यात तिच्या उशाशी होती. तिनं त्या खोलीची अशी काही घासाघीस केली, की आया म्हणाली, "ह्या बाईंना इथंच ठेवून घ्या, मला सुट्टी द्या." धाकटीही त्यावर हसली होती. अशी मोकळी हसलेली ती फार दिवसांनी दिसली होती.

बैठकीच्या दिवशी संध्याकाळी पट्टीबाईच्या नवऱ्यानं बूट काढता काढता विचारलं, "धाकट्याच्या घराचं काय केलंस?"

"काय करायचंय?"

"अगं, दोनच माणसं आणि एवढं पाणी. यादीत घातलंस ना तिचं दुखणं?"

"नाही."

"का?"

"घातलं असतं तर पहिला अर्ज आपल्याच आडनावाचा आला असता. लोक काय म्हणाले असते? बाईनं सगळ्या गावाला दर लावला आणि जावेपुरती फट ठेवली. मग त्या दराला कुणी विचारलं असतं?"

नवरा बुटाची नाडी हातात धरून बसून राहिला. "आणि त्यांनी काय करायचं?"

"बिल जास्त येईल. आपण भरू. नाहीतरी आपल्याला कोण खाणारं आहे?"

तो बूट उचलून आत गेला. तिला वाटलं, प्रश्न मिटला.

दर लागू झाले आणि पहिल्याच महिन्यात फरक दिसला. वरच्या भागातल्या बागांच्या नळ्या गुंडाळल्या गेल्या. अध्यक्षांच्या हौदावर ताडपत्री पडली. दुसऱ्या महिन्यात खालच्या वस्तीत रोज पाणी यायला लागलं, रोज एक तास. वर्तमानपत्रात पट्टीबाईचा फोटो आला. परातीत पोराला आंघोळ घालणारी ती बाई कचेरीत आली आणि तिचा हात हातात घेऊन उभी राहिली. हे सगळं खरं होतं. पुढं जे झालं त्यानं ते खोटं ठरत नाही, आणि पट्टीबाईला नंतर याचाच सगळ्यात जास्त त्रास झाला.

दिरानं वाढलेलं बिल मुकाट्यानं भरलं. नवऱ्याच्या हातून तिनं पाठवलेलं पाकीट त्यानं न उघडता परत केलं. दुसऱ्या महिन्यात त्यानं दुकानात रविवारीही बसायला सुरुवात केली. तिसरा महिना संपला आणि चकती बसवायच्या घरांची यादी तिच्यासमोर आली. दोनशे बारा घरं. सातव्या पानावर दिराचं नाव होतं. तिनं ते वाचलं, तिथं बोट ठेवलं आणि मग शेवटच्या पानावर सही केली.

चार दिवसांनी काका तिच्या खोलीत आला आणि दार लोटून घेऊन उभा राहिला.

"बाई, एका घरात आज चकती बसवली. नवरा कामावर होता. घरात एकट्या बाई होत्या." तो अडखळला. "हातांवर कातडी राहिली नाहीये हो त्यांच्या. मनगटापर्यंत लाल. मला पाणी प्यायला दिलं, आणि मी पेला खाली ठेवल्यावर तो घासायला घेतला. मी चकती बसवून निघेपर्यंत घासतच होत्या. ही उधळपट्टी नाही, बाई. एकदा बघून या."

"हं."

"आडनाव तुमचंच आहे. नात्यातले का?"

"माझा दीर."

काका एक पाऊल पुढं आला. "मग तर..."

"मग तर काहीच नाही, काका. नात्यातले आहेत म्हणूनच काही करता येत नाही."

काकानं दाराच्या कडीला हात घातला. "मी बत्तीस वर्षं नोकरी केली," तो शेवटी म्हणाला, "पण आज मला ते घर चुकवावंसं वाटलं होतं. चुकवलं नाही, कारण कागदावर तुमची सही होती."

रविवारी दुपारी ती दिराच्या घरी गेली. दीर दुकानात होता. धाकटीनं कोपरानं दार उघडलं.

"या, ताई. तिथं नका बसू, ती खुर्ची धुवून व्हायचीय अजून. इथं बसा."

न्हाणीघरात बादलीत बारीक धार पडत होती. धाकटी एक पाय आत, एक पाय बाहेर अशी उभी राहून बादलीकडं नजर ठेवून बोलत होती.

"अर्धा तास लागतो भरायला," ती म्हणाली. "ताई, दर तुम्ही केलेत ना? हे म्हणाले."

"समितीनं केले."

"चांगलं केलंत. खालच्या लोकांना पाणी मिळालं, पेपरात वाचलं मी. तुमचा फोटो छान आलाय." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "मी फार घेत होते हो पाणी. मला कळतं. कळत नाही असं समजू नका. पण हात थांबत नाहीत."

"अगं, मी तुला दोष नाही देत."

"मी कमी करतेय. पाणी नसलं की दुसरं वापरते. त्यानं जास्त स्वच्छ होतं."

तेव्हा पट्टीबाईचं लक्ष न्हाणीच्या फळीकडं गेलं. फिनेल, फरशी धुवायचं ॲसिड, ब्लीचिंग पावडर, आणखी कसल्या कसल्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. नाकाला झोंबणारा वास येत होता. तिच्या मनात पुष्कळ काही आलं. पण तोंडातून एवढंच निघालं, "खिडकी उघडी ठेवत जा."

"ठेवते. पण धूळ येते ना, ताई."

घरी येऊन तिनं यादीत सातवा प्रकार घालण्याची टिपणी लिहिली. स्वच्छ अक्षरात, अर्धं पान. मग तिला वाटलं, चकती बसून आठवडासुद्धा झाला नाही आणि आपण दुरुस्ती मागायची? चकतीच्या घरांची यादी मागवली की कुणीही सातवं पान उघडून बघेल. पुढच्या तिमाहीच्या बैठकीत इतर दुरुस्त्यांबरोबर ही घालू, म्हणजे वेगळी दिसणार नाही. टिपणी तिनं खणात ठेवली.

नऊ दिवसांनी, एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला नवऱ्याचा फोन आला. बाहेर धुळीचा वारा सुटला होता, म्हणून धाकटीनं न्हाणीची खिडकी आणि दार दोन्ही घट्ट लावून घेतलं होतं. आत तिनं एकावर एक काय काय ओतलं होतं, आणि त्यातून विषारी वायू निघाला होता. शेजारणीला वास आला, तिनं हाका मारल्या, शेवटी तिनं आणि तिच्या नवऱ्यानं मिळून दार फोडलं. धाकटी फरशीवर पडली होती. हातात घासणी होती.

ती सहा दिवस दवाखान्यात होती. फुप्फुसं आतून भाजली होती. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत. बोलता येत नव्हतं, पण शुद्ध होती. चौथ्या दिवशी पट्ट्या बदलायला काढल्या तेव्हा पट्टीबाई जवळ होती. धाकटीनं बोटं किंचित हलवली आणि डोळ्यांनी पाण्याच्या भांड्याकडं खूण केली. परिचारिकेला विचारून पट्टीबाईनं ओला कापूस घेतला आणि एकेक बोट हलक्या हातानं पुसलं. झाल्यावर धाकटीनं पुन्हा खूण केली. तिनं पुन्हा पुसलं. मग पुन्हा. भांडं तीनदा बदललं. चौथ्यांदा ती भांडं भरायला निघाली तेव्हा परिचारिका म्हणाली, "बास करा हो बाई आता. आमच्याकडंसुद्धा पाणी मोजूनच येतं."

पट्टीबाई भांडं घेऊन तशीच उभी राहिली. धाकटी वाट बघत होती. जरा वेळानं धाकटीनं डोळे मिटले आणि बोटं आत दुमडून घेतली.

सहाव्या दिवशी दुपारी ती गेली.

सगळे सोपस्कार उरकल्यावर दीर आपल्या घराच्या पायरीवर बसला होता. पट्टीबाई त्याच्याशेजारी जाऊन बसली.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. त्यानं विचारलं नव्हतं, तरी तिनं उत्तर दिलं.

"हो."

"यादीत घालता आलं असतं."

"हो, भाऊजी. डॉक्टरांनी विचारलंही होतं. मी त्यावर विनोद केला."

त्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. "का?"

"लोक म्हणाले असते की मी घरच्यांसाठी..."

"म्हणू द्यायचं होतंत, वहिनी." त्याचा आवाज चढला नाही. "म्हणाले असते दोन महिने. मग विसरले असते."

तो हातातला चष्मा पुसत राहिला. पुसून झाला तरी पुसत होता; मग एकदम भान आल्यासारखं त्यानं तो खिशात टाकला.

"आणि मी तरी कुठं सांगितलं कुणाला?" तो म्हणाला. "यादीत नसलं म्हणून काय झालं, तुमच्या दारात येऊन ओरडता आलं असतं. आठ वर्षं मी लोकांना सांगत आलो की तिला स्वच्छता लागते. मला लाज वाटत होती. तुम्ही जा आता. मला जरा एकटं बसू द्या."

पुढच्या बैठकीत पट्टीबाई उभी राहिली. खणातली टिपणी तिनं आणली होती, पण ती वाचली नाही. काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं, आपल्या विनोदासकट, नात्यासकट. डॉक्टर टेबलाकडं बघत होते. अध्यक्षांनी घसा साफ केला.

"फार वाईट झालं. पण बाई, अशी घरं असून असून किती असणार? त्यासाठी नियम बदलायचा?"

"मला एक माहीत होतं," ती म्हणाली. "आता तेही नाही."

अध्यक्षांनी टिपणी ओढून घेऊन सही केली. प्रकार यादीत गेला. तिनं राजीनामा पुढं केला, तो अध्यक्षांनी परत सरकवला. दर चांगला चालला होता, वसुली होत होती, तिला सोडायला कुणी तयार नव्हतं.

पहिल्या महिन्यात त्या प्रकाराखाली एक्केचाळीस अर्ज आले. पडताळणीला ती काकाला घेऊन स्वतः गेली. दोन अर्ज लबाडीचे निघाले. एकोणचाळीस खरे होते. एका निवृत्त न्यायाधीशांची आई दिवसातून अकरा वेळा आंघोळ करायची. त्यांनी दार उघडल्यावर आधी जिन्यात कुणी आहे का ते बघितलं. एका कारखान्यातल्या जोडाऱ्याचे हात काकानं वर्णन केले होते तसेच होते, मनगटापर्यंत लाल. चकत्या काढल्या. त्या सगळ्या घरांचं जादा पाणी तिनं एकत्र मांडलं, तेव्हा ते मुख्य टाकीच्या एका जुन्या गळक्या झडपेतून वाया जाणाऱ्या पाण्यापेक्षा कमी भरलं. खालच्या वस्तीतली धार त्यानं जराही बारीक झाली नाही.

धाकटीला जाऊन महिना व्हायच्या आत दीर तिच्याकडं पुन्हा आला तो कचेरीत, खिडकीवरच्या रांगेत उभा राहून. घरातली माणसं कमी झाली तर तीस दिवसांत कळवायचं, असा नियम होता. लोक सहसा कळवत नसत, कारण माणसामागं स्वस्त पाणी कमी व्हायचं. खिडकीवरचा कारकून जेवायला गेला होता, म्हणून त्याच्या जागी ती बसली होती. दिरानं अर्ज पुढं केला. आधीची संख्या दोन, आताची एक. कारणाच्या रकान्यात त्यानं सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'पत्नी वारली'.

"भाऊजी, हे नसतं दिलं तरी चाललं असतं."

"नियम आहे ना," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि त्यामुळंच तिला मान वर करता आली नाही.

तिनं शिक्का मारला, पोच फाडून दिली. त्यानं ती घडी करून खिशात ठेवली. मागच्या माणसाला वाट करून देत तो बाजूला झाला आणि दुकान उघडायची वेळ झाली म्हणून निघून गेला. अजूनही तो अधूनमधून त्यांच्या घरी येतो, भावाशी बोलत बसतो. तिच्याशी कामापुरतं बोलतो.